सतरा नंबरची तिजोरी

नोटीस आली ती बुधवारी सकाळी, १९७७च्या सप्टेंबरात. पुनर्बांधणी समितीच्या शिपायाने ती वीरभद्रप्पांच्या हातात दिली आणि वहीत सही घेतली. पाकीट नव्हते. अर्ध्या फुलस्केपवर टाईप केलेल्या पाच ओळी आणि खाली जांभळा शिक्का. वीरभद्रप्पांनी चष्मा लावून ती दारातच वाचली, मग माडीच्या पायरीवर बसून पुन्हा वाचली आणि बायकोला हाक मारली.

"महानंदा, हितं ये. हे बघ."

महानंदाबाईंना मराठी वाचता येत नव्हते. चार इयत्ता झाल्या त्या कानडीत, अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यात. त्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या.

"काय लिव्हलंय?"

वीरभद्रप्पांनी ओळीखाली बोट धरले. "श्री. वीरभद्रप्पा चनबसप्पा कलशेट्टी. जुने दुकान नंबर सतरा, खणगल्ली, येथील आपली लोखंडी तिजोरी नव्या इमारतीच्या जिन्याखाली अडथळा करीत आहे. ती आठ दिवसांचे आत हलवावी. न हलविल्यास समिती ती हलवील."

"म्हंजे तिजोरी काढा म्हणत्यात."

"ते सोड गं. ही ओळ बघ. माझं नाव, आणि त्याला लागून जुने दुकान नंबर सतरा. शिक्क्यासकट."

महानंदाबाईंनी कागदाकडे पाहिले, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले आणि त्या आत गेल्या. तव्यावरची भाकरी करपत होती.

सव्वाचार वर्षे वीरभद्रप्पा एवढ्या एका ओळीसाठी हिंडले होते. खणगल्लीतल्या सतरा नंबरच्या दुकानात आपण बसत होतो, हे सांगणारा एक कागद त्यांना हवा होता. सगळ्या गल्लीला ते ठाऊक होते. कागदावर मात्र कुठेच नव्हते.

नवी पेठेतून डावीकडे वळले की खणगल्ली लागे. दोन्ही बाजूंनी मिळून सेहेचाळीस दुकाने, दगडी जोती, वर लाकडी माळे. खण, इरकली लुगडी, लग्नाचे शालू. अक्कलकोट, इंडी, चडचण इकडची माणसे लग्नाचा बस्ता बांधायला बैलगाड्या करून येत आणि केम गावाकडची रेल्वेने. बायका गादीवर पाय मोडून बसत, कानडीत घासाघीस करत आणि वीरभद्रप्पा कानडीतच त्यांना हसवत. त्यांचे वडील चनबसप्पा यांनी १९३३ साली ही जागा इनामदारांकडून करारावर घेतली आणि त्याच वर्षी मुंबईहून तिजोरी आणली. स्टेशनपासून ती दोन बैलजोड्यांच्या गाड्यावर आली. चोरांनी उचलू नये म्हणून तिचे बूड वीतभर जोत्यात चिणले.

वडिलांनी तिच्याबरोबर एक रीत लावून दिली होती. सकाळी दुकान उघडले की आधी तिजोरी उघडायची, दाराच्या आतल्या अंगाला विभूतीची तीन बोटे ओढायची, पुन्हा बंद करायची. त्याआधी अन्नाला शिवायचे नाही. रविवार असो, सुतक असो, गावात हरताळ असो. चनबसप्पा वारले त्या दिवशीसुद्धा वीरभद्रप्पा माती देऊन आले आणि दुकानाचे एक फळकूट काढून आत जाऊन बोटे ओढून आले. घरी परतले की महानंदाबाई विचारत, "लावून आलात?" ते "आलो" म्हणत आणि मग ताट वाढले जाई. एवढ्या वर्षांत दोघांच्या बोलण्यातला हा एक सवालजवाब कधी चुकला नाही.

कोयनेचा धक्का बसला त्या पहाटे, ६७च्या डिसेंबरात, घरोघर फळ्यांवरची भांडी वाजली आणि खणगल्लीतल्या बारा-चौदा भिंतींना भेगा गेल्या. इंजिनियर म्हणाला, दोन महिने दुकाने बंद ठेवून भिंती उतरवा. समोर लग्नसराई होती. दुकानदारांनी त्याऐवजी गल्लीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सागवानी तीर टेकू म्हणून आडवे घातले. तात्पुरते. ते पाच वर्षे तसेच राहिले. कोणी त्यांवर ताडपत्री टाकली, कोणी लुगडी टांगली, उन्हाळ्यात बरी सावली पडू लागली. पुढे लोक गल्लीला छपरी बाजार म्हणू लागले.

११ मे १९७३, शुक्रवार. दुपारी तीनच्या सुमाराला नऊ नंबरच्या माळ्यावर आग लागली. कशाने, ते शेवटपर्यंत कळले नाही. त्या टेकूंवरून ती पलीकडच्या बाजूला गेली, तिथून पुन्हा ह्या बाजूला आली. दुष्काळाचे साल होते, नळाला चार दिवसांआड पाणी. बंब आला, पाव तासात रिकामा झाला आणि पाणी शोधायला निघून गेला. पाच वाजेपर्यंत सेहेचाळीसच्या सेहेचाळीस दुकाने गेली. माणूस एकही दगावला नाही.

वीरभद्रप्पांची तिजोरी मात्र उभी राहिली. रंग उडाला, पितळी मूठ वितळून वाकडी झाली, पण दार घट्ट. आत जागेचा करारनामा होता आणि चाळीस वर्षांच्या भाडेपावत्या, सुतळीने बांधलेल्या.

शनिवारी ते राखेतून वाट काढत गेले. दहा पावलांवरूनच धग लागत होती. रविवारी हात लावला तर फोड आला. दोन्ही दिवस ते घरी आले, महानंदाबाईंनी विचारले, "लावून आलात?" आणि त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दोन्ही दिवस ताट वाढले गेले नाही. तांब्याभर पाणी प्यायचे आणि आढ्याकडे बघत पडायचे.

सोमवारी सकाळी ते ओले पोते, चावी आणि विभूतीची डबी घेऊन निघाले. शेजारचे सोळा नंबरवाले गुरुसिद्धप्पा आपल्या राखेत फावडे घालत होते. वयाने चार वर्षांनी लहान, लांबच्या नात्यातले, वीरभद्रप्पांना अण्णा म्हणणारे. त्यांनी फावडे टाकले.

"अण्णा, काय करताय?"

"उघडतो."

"खुळे का काय? आत अजून आग हाय. माझा मामा हुबळीला गिरणीत होता, त्यानं सांगितल्यालं. आगीतली तिजोरी आठ दिवस उघडायची न्हाय. वारं लागलं की संपलं."

"आज सोमवार हाय, गुरुसिद्धा. दोन दिवस दार उघडलं न्हाय."

"मग आठ दिवस उघडू नगा! देव काय पळून जातोय?"

"देवाचं न्हाय. वडलांचं हाय."

वीरभद्रप्पांच्या दुकानाच्या पायरीवर खाऊची पाने विकणारी नागम्मा बसे. पायरी उरली होती, म्हणून ती त्याही दिवशी पानांची पाटी घेऊन येऊन बसली होती. तीही म्हणाली, "राहू द्या की, अप्पा. जेवा, मी सांगते महानंदाअव्वाला. पाप लागलं तर मला लागू द्या."

वीरभद्रप्पांनी पोते मुठीवर टाकले. चर्र असा आवाज झाला. चावी अडली, मग फिरली.

दार उघडले आणि एक क्षण सगळे जागच्या जागी होते. करारनाम्याची घडी, तिच्यावरचा लाल शिक्का, पावत्यांचे गठ्ठे, वडिलांच्या हातचा शाईचा आकडा. कागदांचा रंग तेवढा चहासारखा झाला होता. वीरभद्रप्पांच्या तोंडातून "हायत" एवढा शब्द निघाला. तेवढ्यात घडीचा कोपरा आपोआप वळला, त्याला निळसर कड आली आणि सगळे एकदम पेटले. आवाज झाला नाही. त्यांनी उजवा हात आत घातला. गुरुसिद्धप्पांनी त्यांना कमरेला धरून मागे ओढले तेव्हा मुठीत काळा पापुद्रा होता, तोही उघडल्यावर उडाला. त्या हाताची शेवटची दोन बोटे पुढे कधी सरळ झाली नाहीत.

नागम्माने पदराने तिजोरीच्या तळातली राख एका पानात गोळा केली आणि पान दुमडून त्यांच्या डाव्या हातात दिले.

"ठिवा. तुमचं हाय."

वीरभद्रप्पांनी डाव्या हाताने दारावर तीन बोटे ओढली आणि घरी जाऊन जेवले.

त्यानंतर पुनर्बांधणी समिती झाली. व्यापारी, एक इंजिनियर आणि कचेरीत गोपाळराव, शाळेतून निवृत्त झालेले कारकून. नकाशा आला. रस्ता रुंद करायचा म्हणून सेहेचाळीसच्या जागी अडतीस गाळे बसत होते. सतरा नंबरच्या जागी जिना होता. पण गोपाळराव म्हणाले, त्याने काही बिघडत नाही. ज्याचा हक्क सिद्ध होईल त्याला दुसरा गाळा मिळेल. हक्क सिद्ध करायचा म्हणजे करारनामा किंवा पावत्या दाखवायच्या. त्या जळाल्या असतील तर जुन्या गल्लीतल्या दोन शेजारी दुकानदारांचा लेखी जबाब. इनामदारांच्या वारसांनी गल्ली समितीला विकून टाकली होती. त्यांच्याकडचे दप्तर वाळवीने खाल्लेले निघाले.

तीन वर्षे सगळे मैदानावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसले. वीरभद्रप्पा तिसऱ्या रांगेत बसत. बस्ते कमी झाले. खेड्यातली माणसे जुन्या गल्लीच्या तोंडाशी येत, पत्र्यांचे कुंपण बघत आणि आधी जे दुकान दिसेल तिथे शिरत. जबाबाची वीरभद्रप्पांना काळजी नव्हती. एका बाजूला गुरुसिद्धप्पा, समोर चनमल्लप्पा. चाळीस वर्षे ज्यांच्या तोंडाकडे बघून दुकान उघडले ते दोघे.

जबाब द्यायची शेवटची तारीख ३१ जानेवारी १९७६ ठरली. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकली आणि ते आधी चनमल्लप्पांकडे गेले.

"सही? असं विचारतात का वीरभद्रप्पा! तुमची न्हाय तर कुणाची करायची?" चनमल्लप्पांनी चहा मागवला. "फकस्त पहिली गुरुसिद्धप्पाची घ्या. ते सख्खे शेजारी. त्यांच्या आधी मी केली तर बरं दिसत न्हाय."

गुरुसिद्धप्पा म्हणाले, "करतो की अण्णा. चनमल्लप्पा वयानं मोठे. त्यांची होऊ द्या, खाली माझी."

वीरभद्रप्पा पुन्हा चनमल्लप्पांकडे गेले. ते बार्शीला गेले होते. परत आल्यावर म्हणाले, कागद ठेवून जा. दोन दिवसांनी म्हणाले, कागद कुठे ठेवला ते आठवत नाही, दुसरा आणा. दुसरा आणला. "गुरुसिद्धप्पानं केली?" त्यांनी विचारले. नव्हती. "मग बघा," असे म्हणून ते गिऱ्हाइकाकडे वळले आणि लुगड्याची घडी उलगडू लागले.

ह्या फेऱ्या अकरा दिवस चालल्या. आणीबाणीचे दिवस होते. चार माणसे जमवून समितीसमोर उभे राहावे अशी सोय नव्हती, आणि वीरभद्रप्पांच्या स्वभावात ते नव्हतेही. नागम्मा एकदा आपणहून त्यांच्याबरोबर कचेरीत गेली.

"मी देते जबाब," ती गोपाळरावांना म्हणाली. "तीस वर्सं ह्यांच्या पायरीवर बसले. ह्यांनी कवा उठ म्हटलं न्हाय. अंगठा कुटं लावू?"

"बाई, दुकानदाराचा लागतो."

"मग मी काय विकत होते? हवा?"

गोपाळराव हसले. "पायरीवरचं दुकान यादीत नाही हो."

"मग ह्यांनाच इचारा की, मी बसत होते का न्हाय. हे सांगतील."

"सांगतील. पण त्यांचं दुकान होतं हे आधी ठरायला नको का?"

नागम्माने पदर खोचला. मग वीरभद्रप्पांकडे वळून कानडीत म्हणाली, "नडी, अप्पा. चला. ह्येच्या हिशेबानं आपण दोघं बी नव्हतोच."

तीस तारखेला संध्याकाळी वीरभद्रप्पा गुरुसिद्धप्पांच्या शेडमध्ये जाऊन बसले. उठले नाहीत. गिऱ्हाइके गेली, गादीवरची चादर झटकून झाली. गुरुसिद्धप्पांनी शेवटी पेन काढले, टोपण उघडले आणि कागदावर टेकवून तसेच धरले.

"अण्णा, तुमाला एक सांगतो. राग धरू नगा."

"सांग."

"अडतीस गाळे. कागदवाले छत्तीस. राहिले दोन. त्यातला एक माझ्या धाकट्या भावाला द्यायचं बोलणं झालंय, आणि एक चनमल्लप्पाच्या जावयाला. तुमच्या कागदावर आमच्या सह्या झाल्या की दोघातला एक जातो. कुणाचा जाईल, त्ये त्यांना बी ठाव न्हाय, मला बी न्हाय." त्यांनी टोपण लावले. "मी खोटं बोलणार न्हाय. कुणी इचारलं तर सांगीन, अण्णा शेजारी होते. पण लिहून देऊ शकत न्हाय."

"कुणी इचारणार न्हाय, गुरुसिद्धा."

"व्हय," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "इचारणार न्हाय." मग पेन खिशाला लावत, "मी तुमाला उघडू नगा म्हटलं होतं. म्हटलं होतं की न्हाय?"

"म्हटलं होतंस."

गाळ्यांची यादी फेब्रुवारीत लागली. तीस दिवसांत हरकत घ्यायची होती. वीरभद्रप्पांनी घेतली, तीवर "पुरावा नाही" असा शेरा आला. अक्षय तृतीयेला इमारत उघडली. अडतीस सारखी शटरे, अडतीस सारख्या पाट्या. शेड पाडले गेले. वीरभद्रप्पा खणांचे गाठोडे घेऊन एसटीने अक्कलकोट, मैंदर्गी असे आठवडे बाजार करू लागले. वय एकसष्ट.

तिजोरी त्यांनी हलवली नव्हती. ठेकेदाराने पाया खणताना दोनदा विचारले. वीरभद्रप्पा म्हणाले, "तिजोरी हाय तितं माझं दुकान हाय. मी न्हाय हलवत." ठेकेदाराला वेळ नव्हता. जिना तिच्यावरून गेला, आणि ती खालच्या पोकळीत राहिली, बूड जुन्या जोत्यात, माथा नव्या सिमेंटला चार बोटे कमी. एसटी पकडायच्या आधी वीरभद्रप्पा रोज तिथे जात, वाकून आत शिरत, दार उघडून आतून बोटे ओढत. झाडूवाली तिच्यावर खराटे टेकवून ठेवायची; ते खराटे बाजूला करून पुन्हा होते तसे ठेवत. जिन्यावरून वरच्या गाळ्यांना जाणारी माणसे त्यांच्या डोक्यावरून जात. बंद होताना दार पूर्वीसारखेच धप्प वाजे. तेवढ्या आवाजापुरते त्यांना वाटे, जागा अजून गेलेली नाही.

आणि आता ही नोटीस. समितीने स्वतःच लिहून दिले होते: जुने दुकान नंबर सतरा, येथील आपली तिजोरी.

"ह्येची नक्कल करून घ्या," महानंदाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "नाहीतर वकिलाला दाखवा आधी. अस्सल कुणाच्या हातात देऊ नगा."

"गोपाळराव काय परका हाय? त्यांनीच सही केलीया खाली."

"तेच म्हणते."

वीरभद्रप्पांनी धोतर बदलले, टोपी घातली. तिजोरीपाशी थांबले, बोटे ओढली. नोटीस आत ठेवावी आणि आधी नुसते तोंडी बोलून बघावे, असे क्षणभर त्यांच्या मनात आले. पण कागद दाखवल्याशिवाय कोण ऐकतो, हे ते सव्वाचार वर्षे शिकले होते. नोटीस खिशात घालून ते जिना चढले. कचेरी वरच्या मजल्यावर होती.

गोपाळरावांनी नोटीस वाचली. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा कपाळावर सरकवला.

"वीरभद्रप्पा, हे टायपिस्टने जुन्या नकाशावरून उतरवलं."

"कुटनं का उतरवंना. खरं हाय की न्हाय?"

"खरं आहे हो," गोपाळराव हळू आवाजात म्हणाले. "मला ठाऊक नाही का? माझ्या लग्नातलं बायकोचं इरकल तुमच्याकडचं. पण खरं असणं निराळं."

"मग नवा अर्ज घ्या. हा पुरावा जोडतो. दोन गाळे अजून बंद हायत, पोटभाड्यानं द्यायचं चाललंय म्हणं. एक मला द्या. वरच्या मजल्यावरचा, मागच्या अंगाचा, कसला बी चालंल."

गोपाळराव उठले. "बसा तुम्ही. अध्यक्ष आत आहेत. मी दाखवून येतो."

अध्यक्ष त्या वर्षी गुरुसिद्धप्पा होते. गोपाळरावांनी हात पुढे केला आणि वीरभद्रप्पांनी नोटीस दिली. दिल्यावर त्यांची बोटे थोडा वेळ तशीच हवेत राहिली. अर्धे लाकडी दार ढकलून गोपाळराव आत गेले.

वीरभद्रप्पा बाकावर बसले. आतून बोलण्याचे शब्द कळत नव्हते. मग टाईपरायटर वाजू लागला. तो फार वेळ वाजला नाही. पाचच ओळींचे काम होते. तो थांबायच्या आधीच वीरभद्रप्पांना कळले. त्यांनी उजव्या हाताची वाकडी बोटे डाव्या हातात धरली.

गोपाळराव आले ते खाली बघत. त्यांनी कागद पुढे केला. तसाच अर्धा फुलस्केप, तोच शिक्का. समितीच्या जिन्याखालील मोकळ्या जागेत आपण ठेवलेली लोखंडी तिजोरी. नाव तेच, तारीख तीच. सतरा नंबर कुठेच नव्हता.

"मघाचा द्या माझा."

"ती चुकीची होती. रद्द केली."

"फाडली?"

गोपाळरावांनी नवा कागद बाकावर ठेवला.

"गोपाळराव, मला निस्तं सांगा. फाडली का?"

"माझी दोन वर्षं राहिलीत हो इथली," गोपाळराव म्हणाले. "मुलीचं लग्न व्हायचंय."

वीरभद्रप्पांनी नवा कागद घेतला नाही. तो बाकावरच राहिला. खाली येताना पायऱ्या चौदा आहेत हे त्यांनी पहिल्यांदाच मोजले. त्या दिवशी ते बाजाराला गेले नाहीत.

आठ दिवस झाले. नवव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, ते तिजोरीपाशी गेले तेव्हा चार हमाल पहारी आणि साखळदंड घेऊन उभे होते. वीज मीटरांची फळी तिथे बसवायची होती. गॅसने लोखंड कापणारा एक जण नळकांड्याची तोटी साफ करत होता. गुरुसिद्धप्पा होते, गोपाळराव पंचनामा घेऊन होते. नागम्मा समोरच्या फुटपाथवर पाटी घेऊन उभी होती. तिला तिथूनही दोनदा उठवले होते, त्यामुळे हल्ली ती बसत नसे.

"अण्णा, घरी न्या की तिजोरी," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "मी गाडा देतो."

"माझं बिऱ्हाड माडीवर हाय. फळ्यांची जमीन हाय. तुला ठाव न्हाय?"

गुरुसिद्धप्पांना ठाऊक होते. "मग चावी द्या. न्हाईतर हा दार कापणार. रिकामं हाय का भरलेलं, बघितल्याशिवाय भंगारवाला नेत न्हाय."

वीरभद्रप्पांनी गॅसवाल्याकडे बघितले. त्या दाराच्या आतल्या अंगाला चव्वेचाळीस वर्षांची बोटे होती, एकावर एक. आगीनंतर नव्याने सुरू झालेली, पण त्यांच्या हिशेबी ती सगळी एकच होती.

"कापू नगा," ते म्हणाले. "देतो चावी."

"आधी इथं सही," गोपाळरावांनी पंचनामा पुढे केला. वाचून दाखवावा लागतो म्हणून त्यांनी वाचला. सदर तिजोरी समितीच्या मालकीच्या जिन्याखाली विनापरवाना ठेवलेली आढळून आली. तिच्या मालकाने सदर जागेवर आपला पूर्वी अगर सध्या कोणताही हक्क नसल्याचे सांगून चावी राजीखुशीने स्वाधीन केली.

"असं मी कुटं सांगितलं?"

"ते छापील असतं हो," गोपाळराव म्हणाले.

"करू नका, अप्पा!" फुटपाथवरून नागम्मा ओरडली. "कापू देत! लोखंडच हाय!"

वीरभद्रप्पांनी पेन डाव्या हातात घेतले, मग उजव्या हातात घेतले. सव्वाचार वर्षे दुसऱ्यांच्या सह्या मागत हिंडल्यावर कोणाला तरी त्यांची सही हवी होती. ती त्यांनी केली, पूर्ण नावानिशी, कानडी वळणाच्या मराठी अक्षरात. मग वाकून आत शिरले, खराटे बाजूला केले, शेवटची बोटे ओढली आणि दार उघडेच ठेवून चावी गुरुसिद्धप्पांच्या हातावर ठेवली. गुरुसिद्धप्पांची मूठ लगेच मिटली नाही.

पहारी घातल्या तेव्हा जुन्या जोत्याचा दगड तेवढा उखडून वर आला. तिजोरी दुपारपर्यंत निघाली. गाड्यावर चढवताना दार दोनदा आपटले, आणि पांढरी पूड रस्त्यावर सांडली. संध्याकाळी फळी बसली. अडतीस मीटर.

शुक्रवारी पहाटे वीरभद्रप्पा नेहमीच्या वेळी उठले, अंघोळ केली, गळ्यातल्या लिंगाची पूजा केली, डबी कनवटीला लावली आणि निघाले. नवी पेठेच्या तोंडापर्यंत गेले. तिथल्या हॉटेलसमोरच्या बाकावर, तिजोरीपाशी जाऊन यायला लागतो तेवढा वेळ बसले आणि घरी आले.

महानंदाबाई चुलीपाशी होत्या. पाठमोऱ्याच त्यांनी विचारले, "लावून आलात?"

वीरभद्रप्पा पाटावर बसले.

"आलो," ते म्हणाले.

त्यांनी ताट वाढले. वीरभद्रप्पांनी भाकरी मोडली आणि खाली मान घालून जेवू लागले.